'एका वर्षाने काय झाले?' : गोठलेल्या खांद्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास

जपानी लोक या दुखण्याला 'गोजूकाता' म्हणतात, म्हणजे पन्नाशीचा खांदा. नाव चपखल आहे. चाळिशी ओलांडलेल्या आणि साठीला न पोहोचलेल्या माणसाचा खांदा विशेष काही निमित्त नसताना दुखू लागतो. काही आठवड्यांत दुखणे इतके वाढते की त्या कुशीवर झोपता येत नाही. पुढे वेदना हळूहळू ओसरते, पण तोवर हात अडकलेला असतो. सदऱ्याच्या बाहीत तो जात नाही, केस विंचरता येत नाहीत, फळीवरचा डबा काढता येत नाही. दुसऱ्या कोणी धरून उचलला तरी हात ठरावीक मर्यादेपलीकडे हलत नाही. आणि क्ष-किरण चित्रात हाडे मात्र निर्दोष दिसतात. आपल्याकडे सर्रास ज्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हटले जाते, तो हा आजार.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'अवबाहुक' नावाचा एक वातव्याधी येतो. खांद्यात कुपित झालेला वात तेथील बंध शोषून घेतो आणि शिरा आकुंचित करतो, असे त्याचे वर्णन आहे. हा आणि आजचा आजार एकच, असे म्हणणे घाईचे होईल. तरीही त्यातील 'आकुंचन' हा शब्द ध्यानात ठेवावा. विसाव्या शतकात तो पुन्हा भेटणार आहे.

या आजाराने कोणी दगावत नाही. त्यामुळे वैद्यकाच्या इतिहासात तो किरकोळ वाटतो. परंतु त्याने शल्यचिकित्सेपुढे एक विलक्षण अडचण उभी केली. बहुतेक रुग्णांचा खांदा एक ते तीन वर्षांत, कोणी काही केले नाही तरी, बऱ्याच अंशी सुटतो. म्हणजे त्या अवधीत ज्याने जो उपचार केला असेल, त्याला यश मिळतेच. तेल चोळणारा यशस्वी, शेक देणारा यशस्वी आणि शस्त्र चालवणाराही यशस्वी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ आली, तर फांदी कावळ्याने मोडली असे म्हणायचे काय?

हा प्रश्न एका शल्यचिकित्सकाने इतक्या हट्टाने विचारला की त्यापायी त्याची कारकीर्द पणाला लागली. या आजाराला आजचे नाव देणाराही तोच. पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी पॅरिसला जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुखरा आणि ताठर खांदा म्हणजे संधिवात, असे ढोबळ समीकरण होते. १८७२ मध्ये सिमों-एमान्युएल द्युप्ले या फ्रेंच शल्यचिकित्सकाने ते मोडले. दोष सांध्याच्या आत नसून सांध्याभोवतीच्या ऊतींत आहे, असे त्याने मांडले आणि या विकाराला 'पेरिआर्थ्रायटिस' हे नाव दिले. खांद्याच्या वरच्या हाडाखाली असलेल्या, घर्षण कमी करणाऱ्या एका पिशवीवर त्याचा संशय होता. हा तर्क पुढे टिकला नाही. नाव मात्र असे चिवट निघाले की भारतातील डॉक्टर आजही 'पी. ए. शोल्डर' असे लिहितात.

द्युप्लेचा उपाय थेट होता. रुग्णाला भूल द्यायची आणि अडकलेला हात जोराने फिरवून आतले चिकटलेले पापुद्रे तोडायचे. भूल नसती तर हे शक्यच नव्हते. वेदनेच्या भीतीने स्नायू आपोआप आवळले जातात आणि हात आणखी घट्ट होतो. ईथरची भूल देऊन पहिले जाहीर शस्त्रकर्म १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात झाले होते, म्हणजे द्युप्लेच्या लेखाच्या सव्वीस वर्षे आधी. या रुग्णालयाचे नाव पुढे वेगळ्याच संदर्भात येईल.

मात्र ताठर सांधा झटक्याने मोकळा करण्याची युक्ती डॉक्टरांच्या आधी हाडवैद्यांकडे होती, हे प्रांजळपणे सांगायला हवे. लंडनमध्ये रिचर्ड हटन नावाचा हाडवैद्य प्रसिद्ध होता. पदवीधरांनी हात टेकलेले रुग्ण त्याच्या दारात जात आणि त्यातले काही हात हलवत परतत. प्रख्यात शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना बजावले की हाडवैद्य ज्यांना बरे करतात ते रुग्ण कोणते, हे समजून घ्या. त्यांची चूक टाळा, पण त्यांचे योग्य तेवढे उचला. पुढे व्हार्टन हूड या डॉक्टरने हटनकडून ती विद्या प्रत्यक्ष शिकून १८७१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. बंद पडलेल्या सांध्यातील चिकटपणा अचानक दिलेल्या हिसक्याने तुटतो, हे त्यातील स्पष्टीकरण. द्युप्लेचा लेख आला तो पुढच्याच वर्षी.

हिसक्याचा धोका उघड होता. ज्या सांध्याला क्षयाने पोखरले आहे त्याला हाच हिसका बसला, तर अनर्थ. हाड ठिसूळ असेल तर दंडच मोडायचा. पण बरा झालेला रुग्ण गावभर सांगत फिरतो आणि बिघडलेला घरी बसतो. हाडवैद्यांची कीर्ती अशा एकतर्फी हिशेबावर उभी होती. पदवीधर शल्यचिकित्सकांचा हिशेब याहून फारसा वेगळा नव्हता, आणि हेच जाहीरपणे म्हणणारा माणूस बॉस्टनला निघाला.

अर्नेस्ट अमोरी कॉडमन, जन्म १८६९. बॉस्टनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यातला, हार्वर्डचा विद्यार्थी. मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये शिकत असताना त्याने आणि पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेत जगप्रसिद्ध झालेल्या हार्वे कुशिंगने भुलीखालील रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर नोंदवण्याची पद्धत सुरू केली. तोवर भूल देणारा विद्यार्थी अंदाजाने ईथर ओतत असे. नोंद ठेवल्याशिवाय सुधारणा नाही, हे सूत्र कॉडमनला तेव्हाच गवसले असावे. ते त्याने आयुष्यभर सोडले नाही.

त्याची कल्पना आज ऐकताना अगदी साधी वाटते. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करावे. त्यावर तक्रार, निदान आणि उपचार लिहावा. वर्षभराने त्या रुग्णाला पुन्हा गाठावे आणि काय झाले ते लिहावे. अपेक्षित गुण आला नसेल तर का आला नाही, तेही लिहावे: निदान चुकले, शस्त्रक्रिया चुकली, साधने अपुरी होती, की आजारच असाध्य होता? याला तो 'अंतिम परिणाम' म्हणे. आणि ही नोंद त्याला सर्वांसाठी खुली हवी होती. रुग्णाला समजावे की कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या हातून, कोणती शस्त्रक्रिया यशस्वी होते.

इथेच घोडे अडले. त्या काळी मोठ्या रुग्णालयांत बढती ज्येष्ठतेने मिळे. ज्येष्ठ डॉक्टरांचे निकाल कनिष्ठांपेक्षा वाईट निघाले तर काय करायचे, याचे उत्तर कोणालाच द्यायचे नव्हते. रुग्णालयाने योजना स्वीकारली नाही. १९१४ मध्ये कॉडमनने ज्येष्ठतेच्या पद्धतीच्या निषेधार्थ राजीनामा दिला. आणि पाठोपाठ मुख्य शल्यचिकित्सकाच्या पदासाठी अर्ज केला. कारण काय, तर गेल्या दहा वर्षांतले आपले निकाल इतरांपेक्षा सरस आहेत. नसल्यास त्यांनी ते दाखवून द्यावे!

६ जानेवारी १९१५ रोजी त्याने कळस केला. बॉस्टनच्या डॉक्टरांच्या सभेत त्याने एक भलेमोठे व्यंगचित्र उघडले. त्यात शहरातील धनिक वस्ती शहामृगाच्या रूपात होती. वाळूत डोके खुपसलेला हा शहामृग मागच्या मागे सोन्याची अंडी वैद्यकाच्या प्राध्यापकांकडे लाथाडत होता. सत्य कळले तरी तो अंडी देत राहील का, अशी चिंता विद्यापीठ आणि रुग्णालयाच्या धुरीणांना पडलेली. सभेत गोंधळ माजला. स्थानिक वैद्यकीय संस्थेतले त्याचे पद गेले, हार्वर्डमधली अध्यापकी गेली, आणि रुग्ण पाठवणारे मित्र रोडावले.

बीकन हिलवर त्याने १९११ मध्येच आपले छोटे रुग्णालय काढले होते. तिथे त्याने दुसऱ्यांना जे सांगितले ते स्वतः केले. १९११ ते १९१६ या काळात ३३७ रुग्ण घरी गेले आणि त्यांच्या उपचारात १२३ चुका झाल्या, असे त्याने छापून प्रसिद्ध केले. स्वतःच्या चुका मोजून पुस्तकात घालणारा शल्यचिकित्सक तेव्हा दुर्मीळ होता. आजही फार सापडतील असे नाही.

जाता जाता एक प्रसंग. अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने कॉडमनची प्रेरणा घेऊन रुग्णालयांची तपासणी केली. शंभर किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकी किमान निकषांना उतरली फक्त ८९. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात हा आकडा सांगण्यात आला, आणि नावांची यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून त्याच हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. कॉडमन कोणाशी भांडत होता, हे यावरून कळते.

खांदा हा त्याचा जुना ध्यास होता. खांद्यातील तुटलेली कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया त्याने १९०९ मध्येच केली होती. १९३४ मध्ये, वयाच्या पासष्टीत, त्याने खांद्यावरचा आपला ग्रंथ स्वखर्चाने छापला. त्यात 'फ्रोझन शोल्डर' हा शब्दप्रयोग आला आणि जगभर रूढ झाला. त्याने लक्षणे नेमकी टिपली: सावकाश सुरुवात, दंडाच्या वरच्या भागात दुखणे, त्या कुशीवर झोप न येणे, हात वर नेण्याला आणि बाहेरच्या बाजूला वळवण्याला अटकाव, निर्दोष क्ष-किरण चित्र. आणि लगेच कबूलही केले की याची व्याख्या करणे कठीण, उपचार करणे कठीण आणि आत नेमके काय बिघडते हे सांगणेही कठीण. कंबरेत वाकून हात लंबकासारखा सैल झुलवण्याचा जो व्यायाम आज प्रत्येक फिजिओथेरपिस्ट शिकवतो, तो कॉडमनच्याच नावाने ओळखला जातो. रुग्णाला तो धीर धरायला सांगे, कारण खांदा सुटतो हे त्याने पाठपुरावा करून पाहिले होते.

१९४० मध्ये तो वारला. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत त्याला पुरले, पण कबरीवर शिळा बसवली गेली नाही.

सांध्याच्या आत काय बिघडते, हे पाच वर्षांनी पुढे आले. वॉशिंग्टनचे ज्युलियस नेव्हियासर यांनी १९४५ मध्ये अशा १० खांद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खांद्याचा सांधा एका लवचिक पिशवीसारख्या आवरणात असतो. निरोगी माणसात ते सैल असते, हात खाली सोडला की काखेत त्याची चुणी पडते. नेव्हियासर यांना ते जाड, आकसलेले आणि दंडाच्या हाडाच्या गोलाला घट्ट बसलेले आढळले. त्वचेवरून चिकटपट्टी सोलावी तसे ते हाडावरून सुटत होते. म्हणून त्यांनी आजाराला 'चिकटलेल्या आवरणाचा दाह' अशा अर्थाचे नाव दिले. यात गंमत अशी की पुढे दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना तो चिकटपणा सहसा दिसलाच नाही. आवरण आकसलेले होते, हे मात्र पक्के ठरले. निरोगी सांध्यात साधारण २० ते ३० मिलिलिटर द्रव मावतो. गोठलेल्या खांद्यात १० मिलिलिटरदेखील मुश्किलीने. आकुंचन हाच शब्द अखेर खरा ठरला.

निदान शस्त्राला नेमके लक्ष्य मिळाले. यापुढे तीन वाटा फुटतात.

पहिली वाट द्युप्लेचीच. भूल द्यायची, खांद्याचे पाते एका हाताने स्थिर धरायचे, दंड काखेजवळ आखूड पकडायचा आणि क्रमाने वर, बाहेर, आत फिरवायचा. लांब पकडले तर तरफेचा जोर वाढून हाड मोडते. आकसलेले आवरण टरकल्याचा आवाज शल्यचिकित्सकाला ऐकू येतो. कधी दंडाचे हाड मोडते, कधी कंडरा फाटते, कधी मज्जातंतू ताणला जातो. हे क्वचित घडते, पण फाटणार काय आणि कुठे, यावर करणाऱ्याचा पूर्ण ताबा नसतो. आंधळा उपचार म्हणतात तो यासाठी.

दुसरी वाट पाण्याची. स्वीडनमध्ये अँड्रेन आणि लुंडबर्ग यांनी १९६५ मध्ये सांध्यात दाबाने द्रव भरून आवरण आतून ताणण्याची पद्धत मांडली. सुई पुरते, त्यामुळे ही शस्त्रक्रिया म्हणावी की नाही, असा वाद घालता येईल. १९५० च्या दशकापासून सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची सोय झाली होतीच.

तिसरी वाट शस्त्राने कापण्याची. सुरुवातीला यासाठी खांदा उघडावा लागे. १९८९ मध्ये जपानच्या ओझाकी आणि सहकाऱ्यांनी हट्टी खांद्याच्या १७ रुग्णांत आवरणाच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यातला एक अस्थिबंध जाड दोरीसारखा झालेला दाखवला. तो सोडवला की हात बाहेर वळू लागे. मोठी जखम टाळण्याचे साधन तोवर आले होते, आणि तेही जपानमधूनच. टोकियोत केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय पाहण्याची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे सांध्याची दुर्बीण व्यवहारात आणली. १९९० च्या दशकात खांद्याच्या मागून दुर्बीण आणि पुढून बारीक शस्त्र घालून आकसलेले आवरण डोळ्यांदेखत कापणे रूढ झाले. आंधळेपणा गेला. मात्र आवरणाच्या तळाशी, अगदी जवळून, दंडाचा त्रिकोणी स्नायू चालवणारा मज्जातंतू जातो. खालचा भाग कापताना कुशल हातही सावध होतात.

इंग्लंडमधील एक्सेटरच्या टिम बंकर आणि अँथनी यांनी १९९५ मध्ये अशा १२ रुग्णांतून काढलेली ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांना त्यात दाहापेक्षा व्रणासारख्या तंतूंची वाढ दिसली, तळहाताची बोटे वाकवणाऱ्या द्युप्युत्रांच्या आजारात दिसते तशी. गियोम द्युप्युत्रां पॅरिसचेच. १८३१ मध्ये त्यांनी आकसलेल्या तळहातावर केलेली शस्त्रक्रिया गाजली होती. दोन्ही विकार मधुमेहींत अधिक आढळतात. ब्रिजमन यांनी १९७२ मध्ये ८०० मधुमेही रुग्ण तपासले, तेव्हा त्यांच्यापैकी १०.८ टक्के लोकांचे खांदे आखडलेले होते. मधुमेह नसलेल्या ६०० जणांत हे प्रमाण २.३ टक्के होते. मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या आपल्या देशात गोठलेला खांदा इतका ओळखीचा का, याचे एक कारण इथे आहे.

इतके सारे झाले, पण कॉडमनचा प्रश्न जागच्या जागी होता. प्रत्येक शल्यचिकित्सक आपल्या पद्धतीचे चांगले निकाल छापत होता. प्रत्येकाचे रुग्ण बरे होत होते. त्यातले किती तसेही बरे झाले असते? रीव्ह्ज यांनी १९७५ मध्ये ४१ रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला, आणि वेदना, ताठरपणा, मोकळीक असे तीन टप्पे सरासरी अडीच वर्षांत पुरे होतात हे दाखवले. उलट शॅफर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ६२ रुग्ण सरासरी सात वर्षांनी गाठले, तर निम्म्यांना काही ना काही वेदना किंवा ताठरपणा उरलेला होता. आपोआप पूर्ण बरा होतो, ही समजूतही अर्धवट ठरली.

२०१४ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सकांनी कॉडमनच्या कबरीवर शिळा बसवली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, ब्रिटनमध्ये एका मोठ्या चाचणीसाठी रुग्ण घेणे सुरू झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, पण क्रम पाहण्याजोगा आहे.

अमर रंगन यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीचे नाव 'यूके फ्रॉस्ट'. ३५ रुग्णालये, ५०३ रुग्ण. कोणाला कोणता उपचार, हे चिठ्ठी टाकावी तसे यदृच्छेने ठरवले. २०१ जणांना भुलीखाली हात फिरवणे, २०३ जणांना दुर्बिणीतून आवरण कापणे, ९९ जणांना सांध्यात स्टेरॉइड देऊन पद्धतशीर फिजिओथेरपी. शस्त्रक्रियेच्या गटांनाही नंतर व्यायाम होताच. मुख्य मोजमाप बारा महिन्यांनी करायचे ठरले. कॉडमनच्या कार्डावरही हीच मुदत होती.

२०२० मध्ये 'द लॅन्सेट'ने निकाल छापले. ४८ पैकी गुण देणाऱ्या खांद्याच्या मापनात दुर्बिणीच्या गटाला सरासरी ४०.३, हात फिरवण्याच्या गटाला ३८.३ आणि फिजिओथेरपीच्या गटाला ३७.२ गुण मिळाले. रुग्णाला जाणवेल इतका फरक किती, हे संशोधकांनी आधीच ठरवून ठेवले होते: शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपीत ५ गुण, दोन शस्त्रक्रियांत ४. तो कुठेच गाठला गेला नाही. दुर्बिणीच्या गटात पुढे आणखी उपचार लागलेले रुग्ण सर्वांत कमी होते, फिजिओथेरपीत सर्वांत जास्त. पण गंभीर दुष्परिणामांच्या १० नोंदींपैकी ८ दुर्बिणीच्या गटातल्या होत्या, उरलेल्या २ हात फिरवण्याच्या. खर्चही दुर्बिणीचाच अधिक. खर्च आणि गुण यांचा मेळ घालता सरस ठरली ती भूल देऊन हात फिरवण्याची, द्युप्लेच्या काळची पद्धत. दुर्बिणीचे तंत्र घडवणाऱ्या पिढीला हा निकाल पचवणे सोपे गेले नसेल.

मधुमेही रुग्ण, अपघातानंतर आखडलेला खांदा, सर्व उपचार करूनही न सुटणारा हात, अशा प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आजही केली जाते, आणि हाड ठिसूळ असलेल्या रुग्णात हिसक्यापेक्षा तीच सुरक्षित मानली जाते.

एक गोष्ट मात्र या चाचणीतही नव्हती. काहीच न करता केवळ वर्षभर थांबलेल्या रुग्णांचा चौथा गट तिच्यात ठेवलेला नव्हता. तिन्ही गटांचे गुण वाढले, पण त्या वाढीत उपचाराचा वाटा किती आणि नुसत्या काळाचा किती, हा हिशेब त्या ५०३ रुग्णांच्या कागदांतून निघत नाही.